परवान्याची मालकी आणि निर्मितीची मालकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. देशी आशयाचे बंधन, म्हणजे ठरावीक प्रमाणात देशातच तयार झालेले कार्यक्रम दाखवण्याची सक्ती, इंटरनेटच्या काळातही कोणत्या ना कोणत्या रूपात टिकायला हवे, असे मी कॅनडाच्या प्रसारण नियमांवरील लेखात म्हटले होते. आपला आक्षेप असा, की प्रसारणासाठीच्या रेडिओलहरी मोजक्या होत्या म्हणून सरकारला अटी घालता येत होत्या. आता ती टंचाईच उरलेली नाही, तेव्हा आशयाचा कोटा आणि परकीय मालकीवरील मर्यादा ही दोन्ही जोखडे उतरवून काय पाहायचे ते प्रेक्षकावर सोडावे. शिवाय ज्यांना ‘देशी’ म्हणजे काय हेच धड ठरवता येत नाही त्यांनी टक्केवारी कशाला मोजावी, असा टोलाही आपण लगावला आहे.

टोला रास्त आहे, म्हणून त्याचा निकाल आधी लावतो. कॅनडाच्या रेडिओवर १९७१ पासून देशी संगीताचा कोटा आहे. तो आरंभी ३० टक्के होता, नंतर ३५ टक्के झाला. गाणे कॅनेडियन ठरण्यासाठी संगीत, गायक, सादरीकरण आणि शब्द या चारांपैकी साधारणपणे दोन बाबी कॅनेडियन असाव्या लागतात. ब्रायन अ‍ॅडम्स हा कॅनडाचा त्या काळातला सर्वांत गाजलेला गायक. पण त्याच्या १९९१ च्या अल्बममधील गाणी एका परदेशी निर्मात्यासह लिहिलेली असल्यामुळे ती या कसोटीवर कॅनेडियन ठरली नाहीत. बरीच ओरड झाल्यावर १९९३ मध्ये नियम सुधारला गेला. व्याख्या हास्यास्पद होती हे मान्य. परंतु दोन वर्षांत दुरुस्त होऊ शकलेल्या व्याख्येवरून मूळ हेतूच निकालात काढणे मला पटत नाही.

मालकीच्या मर्यादेबाबत मात्र मी आपल्या बऱ्याच जवळ आहे. कॅनडात प्रसारण परवाना असलेल्या कंपनीचे ८० टक्के मतदानहक्क कॅनेडियन हातांत असावे लागतात, संचालकांपैकी ८० टक्के कॅनेडियन असावे लागतात आणि तिची मालकी असलेल्या धारक कंपनीत परकीयांचा वाटा एक तृतीयांशापलीकडे जाता कामा नये. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यातही अशीच मर्यादा आहे. मूळचे ऑस्ट्रेलियाचे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांनी तिथली दूरचित्रवाणी केंद्रे विकत घेण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि कायद्याचे समाधान झाले. केंद्रांच्या कारभारावर त्या नागरिकत्वाने काय फरक पडला, हे कुणी सांगू शकेल असे वाटत नाही. ब्रिटनने तर २००३ च्या कायद्याने परकीय मालकीवरील आपली बंदी बहुतांशी उठवली. स्ट्रीमिंग कंपनीला परवानाच घ्यावा लागत नाही, त्यामुळे ही मर्यादा आज फक्त त्या देशी कंपनीला आवळते जिला भांडवलाची सर्वाधिक गरज आहे.

पण आशयाच्या अटीचा उगम आपण म्हणता तसा निव्वळ लहरींच्या टंचाईत नाही. टंचाईमुळे परवाना आला. कोटा आला तो बाजारभावामुळे. अमेरिकी मालिकेचा खर्च मायदेशीच बराचसा वसूल झालेला असतो, म्हणून ती शेजारच्या देशात निर्मितिखर्चाच्या अगदी लहान अंशात विकता येते, आणि तेवढ्या पैशांत तिथे नवी मालिका उभी राहत नाही. व्यवहार पाहणारा कोणताही वाहिनीमालक विकतचीच घेईल. त्यावर कॅनडाने १९७० च्या दशकात जो तोडगा काढला तो पाहण्यासारखा आहे. टोरांटोच्या वाहिनीने एखाद्या अमेरिकी मालिकेचे कॅनडापुरते हक्क विकत घेतलेले असतात आणि त्याच वेळी सीमेपलीकडील बफेलोच्या केंद्रावरही तोच भाग चालू असतो. अशा वेळी केबलचालकाने बफेलोच्या जागी टोरांटोचे प्रक्षेपण, त्यातील जाहिरातींसह, दाखवायचे. प्रेक्षक लावतो बफेलोचे केंद्र, दिसते टोरांटोची जाहिरात. (अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातील गाजलेल्या जाहिराती हुकतात म्हणून प्रेक्षक दरवर्षी चिडत, नियामक संस्थेने त्या एका सामन्यापुरती ही सोय काढून घेतली, तर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये तो आदेश रद्द झाला.) या सोयीमुळे जाहिरातींचे उत्पन्न देशात राहिले आणि त्या मोबदल्यात वाहिन्यांनी देशी कार्यक्रमांचा बोजा उचलला. हा सरळ देवघेवीचा करार होता.

इंटरनेटने मोडला तो हा करार. अमेरिकी स्टुडिओ आता मधल्या वाहिनीला हक्क विकण्याऐवजी स्वतःच प्रेक्षकाच्या दारात उभा राहतो. देशी वाहिनीकडे विकत घ्यायला मालिका उरत नाही आणि मालिका नाही तर बोजा उचलायला पैसा नाही. लहरी मुबलक झाल्याने या हिशेबात काहीच बदलत नाही; स्वस्त माल उलट आणखी स्वस्तात पोहोचतो.

तेव्हा अट कशावर घालायची? तासांवर घालण्यात अर्थ नाही, कारण स्ट्रीमिंगला वेळापत्रकच नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये मागणीनुसार पाहण्याच्या सेवांच्या कॅटलॉगमध्ये ३० टक्के युरोपीय निर्मिती हवी आणि ती ठळकपणे दिसली पाहिजे, असे ठरवले. यातील पहिला भाग मला कमकुवत वाटतो. जुन्या मालिकांचे गाठोडे विकत घेऊन तळाशी ठेवले की टक्केवारी भरते. दुसऱ्या भागात दम आहे. ‘प्रेक्षकाला ठरवू द्या’ असे आपण म्हणता, पण प्रेक्षक निवडतो ते बहुधा पहिल्या पडद्यावरील चार-पाच ओळींतून, आणि त्या ओळी कंपनी लावते.

त्याहून परिणामकारक फ्रान्सचा मार्ग. २०२१ पासून तिथे मोठ्या स्ट्रीमिंग सेवांना फ्रान्समधील उलाढालीच्या किमान २० टक्के रक्कम युरोपीय व फ्रेंच निर्मितीत घालावी लागते आणि तीतील मोठा भाग स्वतंत्र निर्मात्यांसाठी राखीव असतो. मालकीचा खरा प्रश्न इथे आहे. एखादी मालिका टोरांटोत, तिथल्याच तंत्रज्ञांकडून, कॅनेडियन लेखिकेच्या कादंबरीवरून तयार झाली, पण सर्व हक्क लॉस एंजेलिसच्या कंपनीकडे गेले, तर मजुरी देशात राहते. पुनःप्रक्षेपणाचे, परदेशी विक्रीचे, पुढील भागांचे उत्पन्न मात्र बाहेर जाते आणि निर्माता दर वेळी नव्याने दारोदार फिरतो. प्रमुख कामे कॅनेडियनांनी केली की कार्यक्रमाला गुण देणाऱ्या, कॅनडाच्या दहा गुणांच्या जुन्या कसोटीत निर्माता कॅनेडियनच असण्याची जी सक्ती होती, तिच्यामागे हीच जाण होती. परवानाधारकाचे समभाग मोजणे सोडावे आणि हक्क कोणाकडे राहतात ते मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. सामान्य माणसाने स्वतः चित्रित करून टाकलेल्या व्हिडिओंना यातून वगळावे, हेही जोडतो.

कॅनडाने स्ट्रीमिंग सेवांना प्रसारण नियमांखाली आणणाऱ्या २०२३ च्या कायद्यानंतर पुढच्याच वर्षी, वार्षिक अडीच कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या आणि कॅनेडियन प्रसारकांशी संलग्न नसलेल्या सेवांकडून देशी आशयासाठी त्यांच्या कॅनडातील उत्पन्नाच्या ५ टक्के योगदान मागितले आणि कंपन्या न्यायालयात गेल्या. ५ हा आकडा चुकीचा ठरू शकतो. मला त्याचे प्रेम नाही. पण ‘सध्या सगळेच काढून टाका, गरज पडली तर पुन्हा आणू’ ही आपली सूचना न्यूझीलंडच्या अनुभवासमोर टिकत नाही. त्या देशाने १९९० च्या दशकात सेवा-व्यापाराच्या जागतिक करारात आपले दृक्‌श्राव्य क्षेत्र खुले केले. पुढे तिथल्या सरकारला देशी आशयाचा कोटा हवासा वाटला, तेव्हा तो करारच आड आला आणि रेडिओ कंपन्यांनी स्वेच्छेने मान्य केलेल्या उद्दिष्टांवर भागवावे लागले.