लिमिटेड एडिशनवाल्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

आधी चूक कबूल करतो. मागच्या लेखात मी ठोकून दिलं होतं की २०११ च्या नाइकी मॅग या बुटांची लेस आपोआप आवळली जायची. तुम्ही बरोबर पकडलंत, तसं काही नव्हतं. २०११ ला जे १,५०० जोड निघाले त्यात दिवे लागायचे, बूट चार्ज करता यायचे, पण ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमाच्या दुसऱ्या भागात पाय घातल्या घातल्या लेस आवळते ते प्रकरण खऱ्या बुटात यायला २०१६ उजाडलं, आणि तेही फक्त ८९ जोडांत. लेखात दुरुस्ती केलीय.

आता बाकीचं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सिनेमातली खोटी वस्तू खरी बनवायची, वर ‘लिमिटेड’चा शिक्का मारायचा आणि चाहत्यांच्या प्रेमाचे पैसे करायचे ही सरळ लूट आहे, डोनेशनचं नाव पुढे करून ती झाकली जाते, आणि मी तिचे गोडवे गायलोय, असं तुमचं म्हणणं. पेप्सी परफेक्टची (त्याच सिनेमातली पेप्सी, कंपनीने खरी करून विकलेली) बाटली तुम्ही रिसेलरकडून, म्हणजे घेऊन चढ्या भावात पुन्हा विकणाऱ्याकडून, कितीतरी पट पैसे मोजून घेतलीत आणि आता ती कपाटात पडून आहे, ना पिता येत ना टाकवत, हेही लिहिलंयत. वाचून आधी हसलो, मग गप्प बसलो, कारण माझ्याकडे पण एक असं प्रकरण आहे. सांगतो पुढे.

पण ‘लूट’ हा शब्द मला पटत नाही, निदान बाटलीपुरता तरी नाही. हिशोब करून बघा ना. २०१५ ला कंपनीने ६,५०० बाटल्या जाहीर केल्या, किंमत २०.१५ डॉलर (साल किमतीत घुसवलंय, हे मात्र मला आवडलेलं). सगळ्या पूर्ण किमतीला विकल्या असं धरलं तरी १ लाख ३१ हजार डॉलर सुद्धा होत नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च, आणि त्यातून बाटली, तिचा डबा, पोचवणं वजा करा. तिला पैसे नकोच होते, सिनेमातला हिरो भविष्यातल्या ज्या दिवशी येऊन पोचतो त्या २१ ऑक्टोबर २०१५ ला तिला जगभरच्या बातम्यांत नाव हवं होतं, आणि जाहिरातीला जेवढे पैसे मोजावे लागले असते त्याच्या मानाने हे फुकटात झालं. तुमच्या खिशातून जे गेले ते रिसेलरच्या खिशात गेलेत. तेव्हा शिव्या द्यायच्या तर नीट पत्त्यावर द्या एवढंच म्हणतोय.

मात्र तो रिसेलर जन्माला कोणी घातला असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणजे आहे, पण ते तुमच्याच बाजूचं आहे. आकडा. ६,५०० च का? त्या बाटलीत साखर घातलेली पेप्सीच होती, काही दुर्मिळ रसायन नव्हतं की संपलं म्हणून थांबले. आणि गंमत म्हणजे बाटल्या झटक्यात संपल्या, लोक भडकले, तेव्हा नोव्हेंबरात आणखी बाटल्या विकायला काढल्याच की! म्हणजे मर्यादा होती ती कागदावर. हे मी लेखात लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, मान्य.

याहून मोठा घोळ तुमच्या नजरेतून सुटलाय तो मीच सांगतो. ‘एलियन्स’ सिनेमात रिप्ली, म्हणजे त्यातली नायिका, जे बूट घालते ते रीबॉकने २०१६ मध्ये परत काढले. एप्रिलची २६ तारीख, कारण सिनेमा जिथे घडतो त्या परक्या चंद्राचं नाव एलव्ही-४२६ आणि अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ४/२६, आणि जोड पण ४२६. आकड्यांची सगळी जुळवाजुळव झाली, कोणीतरी मीटिंगमध्ये टाळ्या पण वाजवल्या असतील, आणि बूट काढले फक्त पुरुषांच्या मापात. अख्ख्या सिनेमात ते बूट एका बाईच्या पायात आहेत हो! बोंबाबोंब झाली, मग नंतर बायकांना होतील अशी मापं आली. हे लूट वगैरे नाही, पण ज्याच्यासाठी वस्तू बनवतोय त्याचा विसर पडणं म्हणजे काय ते याच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलं नाही.

माझं प्रकरण असं, की एका विक्रेत्याकडून (नाव घेत नाही) सिनेमातल्या एका वस्तूची रिप्लिका (हुबेहूब नक्कल) घेतलेली, सोबत जाड कागदाचं सर्टिफिकेट, सोनेरी कडा, खाली हाताने लिहिलेला नंबर. दोन वर्षांनी एका ग्रुपवर कोणीतरी आपल्या सर्टिफिकेटचा फोटो टाकला आणि माझाच नंबर! सातच्या शेपटीचं वळण सुद्धा तेच. दोघांनी एकमेकांना मेसेज केले, आधी भांडलो, मग एकत्र चरफडलो. वस्तू मात्र छान आहे, अजून शेल्फवर आहे, फक्त सर्टिफिकेट फाडून टाकलं आणि त्यानंतर तिच्याकडे बघायला जास्त मजा यायला लागली, खरंच सांगतो.

म्हणूनच सगळ्यांना एका माळेत ओवू नका. ‘ऑफिस स्पेस’ (१९९९) मधला तो लाल स्टेपलर घ्या. स्विंगलाइन ही स्टेपलरची कंपनी तेव्हा लाल बनवतच नव्हती, सिनेमावाल्यांनी रंगवून घेतला होता. लोकांनी सिनेमा बघितला, लाल द्या लाल द्या म्हणून मागे लागले, आणि २००२ मध्ये कंपनीने तो काढला. नंबर नाही, डबा नाही, हवा त्याने घ्यावा. हे टाइप करतोय तेव्हा माझा डाव्या हाताशी पडलाय, जिथे तळवा बसतो तिथला रंग उडून खालचा धातू दिसतोय आणि खालचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय. मालकाचं प्रेम दाखवायला याहून चांगलं सर्टिफिकेट कुठलं?

‘इंटरस्टेलर’मधलं हॅमिल्टनचं घड्याळ पण याच जातीचं. २०१४ च्या सिनेमासाठी खास बनवलेलं, दुकानात नव्हतं, चाहत्यांनी पिच्छा पुरवला तेव्हा २०१९ मध्ये आलं. सेकंदकाट्यावर मोर्स कोडमध्ये ‘युरेका’ लिहिलंय, इतकं बारीक की भिंग लावल्याशिवाय टिंब कुठलं आणि रेघ कुठली ते कळत नाही. त्यात लिमिटेड काय होतं, तर पहिल्या २,५५५ घड्याळांसोबतचा खास बॉक्स. घड्याळ कोणीही घ्या, बॉक्सचं वेड आहे त्याने धावावं. अशी वाटणी केली तर मला लिमिटेडबद्दल काही तक्रार नाही.

राहिला डोनेशनचा मुद्दा. इथे मी मागे हटणार नाही. मॅगचे १,५०० जोड लिलावात गेले आणि पैसे पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी मायकेल जे. फॉक्सच्या फाउंडेशनला मिळाले, आणि त्या सिनेमाचा हिरो म्हणजे तोच, ज्याला स्वतःला तो आजार आहे. २०१६ ला १० डॉलरचं तिकीट काढून सोडत ठेवली, ८९ जोड (सिनेमा १९८९ चा), लिलाव धरून ६७.५ लाख डॉलर जमले. इथे जोड कमी होते म्हणूनच पैसे जास्त आले, आणि ते रिसेलरच्या हातात पडायच्या आधी आले. नाइकीची जाहिरात झाली? झाली की. होऊ दे.

लेखातला पेप्सीचा परिच्छेद आज रात्री नव्याने लिहितो, नोव्हेंबरच्या बाटल्या धरून. तुम्ही तेवढ्यात कपाट उघडून एक बघून सांगाल का, बाटलीतली पातळी खाली गेलीय का थोडी?