दुखतंय म्हणाली, तर थांबवा तिला

संध्याकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली. नववीत आहे. खांद्याला घुंगरांची पिशवी, आणि डावा पाय नीट टेकवत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "तीन आठवडे दुखतोय, मावशी. कथकच्या ताई म्हणाल्या, घुंगरू बांधले की दुखणं विसरायचं. रविवारी कार्यक्रम आहे ना." सध्या गोळी घेऊन नाचतेय.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मी १७ वर्षांची होते, कथकची मध्यमा पूर्णची परीक्षा तोंडावर, आणि माझाही डावाच पाय. पावलाच्या वरच्या बाजूला एका जागी नुसतं बोट ठेवलं तरी कळ यायची. एक्स-रेत काही दिसलं नाही. मग काय, सगळ्या वर्गासमोर माझ्या ताईंचं "नाटकं करतेस" ऐकून घेतलं आणि तत्कार, म्हणजे तालावर पाय आपटणं, सुरू. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे नंतर एमआरआय बघून डॉक्टरांनी सांगितलं. तोवर मी परीक्षा देऊन बसले होते.

जरा हिशेब करा. तीनतालाच्या १६ मात्रा, चौगुणीत, म्हणजे चौपट लयीत, तालाच्या एका फेरीला, आवर्तनाला, पायांचे ६४ आघात. अशी २० आवर्तनं म्हणजे १२८०. तेही अनवाणी, आणि खाली सिमेंटवर बसवलेली फरशी. सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग, कुणाचं तरी पार्किंग. फरशी लवत नाही, मग तो दणका जातो कुठे? तळव्याच्या हाडांत, नडगीत, गुडघ्यात. हाड स्वतःला दुरुस्त करतं, पण त्याला वेळ लागतो. तो वेळच आपण पोरींना देत नाही!

लाकडी जमीन भाड्याच्या जागेत परवडत नाही, मान्य. अंग दुखल्याशिवाय नाच अंगात मुरत नाही, तेही मान्य. पण पोटऱ्या भरून येणं वेगळं आणि एकाच जागी हाडातून कळ येणं वेगळं. रियाज घेणाऱ्याला एवढा फरक कळायलाच हवा. लावणीच्या संगीत बारीतल्या बायका जड चाळ बांधून रात्र रात्र नाचतात, कारण थांबल्या तर कमाई बुडते. आपल्या मुलींवर कसली वेळ आलीय? रविवारच्या कार्यक्रमाची?

हे लिहिताना माझ्या ताईच डोळ्यांसमोर येतायत. एकदा मेकअप रूममध्ये त्यांना चुडीदार वर करून दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज गुंडाळताना पाहिलं होतं. मला बघून पटकन चुडीदार खाली ओढला. त्यांनाही कुणी कधी "बस जरा" म्हटलं नसेल. त्यांच्यावर रागवावं तर ते गुडघे आठवतात.

पण म्हणून माझी चीर खोटी ठरत नाही. मला आठ आठवडे घरी बसवलं, तेव्हा क्लासमधून एकही फोन आला नाही. पाय जायबंदी होता, तोंड नव्हतं. कोपऱ्यात बसून टाळी देत पढंत केली असती, तोंडाने बोल म्हटले असते. तबल्याशेजारी बसू दिलं असतं तरी चाललं असतं मला.

मघाशी खाली जाऊन तिच्या आईशी बोलले. उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, गोळी बंद. मुलगी आधी रडली. मग म्हणाली, "पढंत तर करू देतील ना मला?"

तिच्या ताईंना मी स्वतः फोन करणार आहे.