साखर न दिसणारं मीटर

पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या मावशीनं परवा एक फॉरवर्ड धाडला. 'कचरा डेपोवर माती टाकून कॅपिंग झालंय, आता विहिरींना धोका नाही. आपला काळा खडक पाणी गाळून देतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 500 च्या आत असेल तर बिनधास्त प्या. शंका असेल तर उकळा.' खाली हात जोडलेले. एरवी सोडून दिलं असतं. पण मावशीचा नातू चार महिन्यांचा आहे आणि त्याचं पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवतात.

उकळल्यानं जंतू मरतात, कबूल. पण नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार, तो मरत नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे लिटरमागे उलट वाढतं. लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू नीट वाहिला जात नाही, अंग निळसर पडू शकतं. हे पाणी उकळून उकळून बाळाला पाजायचं?

आता ते टीडीएसचं मीटर. रविवारी मावशीकडे गेले तर तिनं पेनासारखं यंत्र ग्लासात बुडवून दाखवलं. "बघ, 310. चांगलंय ना?" मी त्यात दोन चमचे साखर ढवळली. आकडा जवळपास होता तिथंच. मग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, तर तो हजाराच्या पार. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. अगं, हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू त्याला दिसत नाहीत. शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. शंभरपट शिसं असलं तरी मीटरवरचा आकडा फार तर एकानं हलेल.

खडक गाळतो म्हणे! मुरूम, माती थोडंफार अडवतात, खोटं नाही. पण बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या खडकात, पाणी भेगांतून पळतं, तिथं कसली गाळणी?

कॅपिंगनं पाऊस आत जायचा कमी होतो, एवढं खरं. कचऱ्यातून झिरपून आधीच मुरलेलं काळं पाणी कुठं जाणार? जुन्या डेपोंच्या तळाला बहुधा अस्तरच नसतं. घनकचऱ्याचे 2016 चे नियम काढून वाचा. डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर तपासायचं, आणि भरावभूमी (कचरा पुरायची जागा) बंद झाल्यावरही किमान 15 वर्षं देखरेख ठेवायची, असं त्यांत लिहिलं होतं. मातीनं काम भागत असतं तर ही 15 वर्षं कशाला लिहिली असती?

एक गोष्ट मात्र मान्य करते. विहिरीतलं सगळंच नायट्रेट डेपोचं नसतं. शोषखड्डे आहेत, युरिया आहे, उकिरडे आहेत. म्हणून तर उताराच्या वरची एक विहीर आणि खालची एक, दोन्हींचे नमुने ताडून बघावे लागतात; त्यांत क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, हेही मोजायचं.

मावशीला राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी द्यायला सांगितलंय. मे महिन्यात एकदा, पावसाळ्यानंतर पुन्हा. तोवर बाळाचं दूध विहिरीच्या पाण्यात नाही, हे सूनबाईला फोनवर दोनदा बजावलं.