नजर पडद्यावर, पाय देवाच्या भरवशावर

नवी गाडी घेतलीत, अभिनंदन! कंपनीनं बटणं उपटून टीव्हीएवढा पडदा बसवून दिलाय, तेव्हा आता बघायचं ते त्याच्याकडेच. समोरची काच काय, जुन्या गाड्यांनाही असायची.

सुरुवात एसीपासून करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वेग १०० (आपण सज्जन माणसं, मर्यादा सोडायची नाही). मागून सासूबाई म्हणतील, "जावईबापू, जरा कमी करा हो, गुडघे गारठले." माझ्या खटारा गाडीत यासाठी एक गोल नॉब आहे. न बघता डावीकडे फिरवला की झालं. काय मजा त्यात? तुम्ही पंख्याचं चित्र शोधा, बोट टेकवा. नेमका तेव्हाच पुलाचा सांधा लागेल, बोट घसरेल आणि गुडघ्यांऐवजी सीट गार होऊ लागेल. डगमगू नका, मागे या, पुन्हा शोधा. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांत शंभरावर मीटर आंधळी कोशिंबीर, तीही सासूबाईंना घेऊन.

ब्रिटनच्या टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेनं २०२० मध्ये सिम्युलेटरवर असले चालक तपासले. कारप्ले (म्हणजे गाडीच्या पडद्यावर अवतरलेला आयफोन) बोटानं हाताळताना त्यांचा प्रतिसादाचा वेळ ५७ टक्क्यांनी वाढला, तोंडी हुकूम सोडतानाही ३६ टक्क्यांनी. त्याच संस्थेच्या आधीच्या चाचण्यांत, तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू पोटात असताना ही वाढ होती १२ टक्के. तरी खुशाल चालवा. नाकाबंदीत हवालदार तोंडाचा वास घेतात, बोटाचा नाही.

एका सेकंदाचा दीड सेकंद झाला तर बिघडलं कुठे? पाय ब्रेकवर पडायच्या आत १४ मीटर जास्त, म्हणजे तीन गाड्या एकामागे एक मावतील एवढीच जागा. फक्त पुढचा कंटेनर ती मोकळी ठेवेल, एवढं बघा.

स्वीडनच्या एका मोटार मासिकानं २०२२ मध्ये भलताच आगाऊपणा केला. ताशी ११० वेगात चार साधी कामं करायला २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत १० सेकंद लागले, तर पडदेवाल्यांतल्या सर्वांत संथ गाडीत ४४.९. तेवढ्यात गाडी १३७२ मीटर पुढे गेली होती. याला प्रगती नाही तर काय म्हणायचं?

आणि कंपनीला नावं ठेवू नका. तिला तुमची काळजी आहेच. गाडी सुरू केली की पडद्यावर बारीक अक्षरांत सूचना येते, 'गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर ठेवा.' खाली 'मान्य' असं बटण असतं. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडता पडता ते दाबून टाका.