३१एमचं द्राक्ष

मामांचं द्राक्षांचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला, मामा राहतात नाशिकच्या गंगापूर रोडला आणि मधे द्वारका चौक. तो चौक ज्यांनी संध्याकाळी ओलांडलाय, त्यांना मामांची मागणी रास्तच वाटेल. "त्या काळ्या स्क्रीनवर क्रेटचे आकडे पळतात ना, ते मला मोबाइलवर घरबसल्या दिसले पाहिजेत."

काळ्या स्क्रीनवरचा तो प्रोग्राम माझाच. वजनकाट्यावरून आकडे घ्यायचे, पास क्रेट हिरव्या अक्षरांत, नापास लाल. आहे तेच ब्राउझरमध्ये दाखवायचं. "तासाभराचं काम," मी म्हणालो. मामींनी तेव्हाच माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं होतं.

पहिल्या प्रयत्नात रंगच गेले. समोर टर्मिनल, म्हणजे ती अक्षरांची काळी स्क्रीन नाही, आउटपुट फाइलमध्ये चाललंय, असं कळलं की प्रोग्राम रंग देत नाही. पाहुणेच नाहीत तर काचेचे कप कोण काढतं? मी रंगांची सक्ती केली, तर मामांचा फोन.

"भाचेबुवा, हे ३१एम काय? आपला मणी सोळा-अठरा एमएमचा. एकतीसचं द्राक्ष कुणाच्या बागेतलं?"

आता मामांना काय सांगू? एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर असतं, क्रमांक २७. त्याच्यामागे चौकटी कंस, ३१ आणि एम, म्हणजे 'इथून लाल'. ३२ म्हणजे हिरवा, शून्य म्हणजे पूर्ववत. टर्मिनलला हा इशारा कळतो. ब्राउझर मात्र गॅदरिंगमधल्या त्या पोरासारखा, जो संवादातलं कंसातलं 'रडत' हेसुद्धा मोठ्यानं म्हणून दाखवतो.

इशाऱ्यांचे रंग करून दिले. दुसऱ्या दिवशी मामा भलतेच खूश. "आज एकही रिजेक्ट नाही! मुकादमाला बक्षीस देतो." मला घाम फुटला. नापास क्रेटपुढे मी इंग्रजीत 'रिजेक्ट' छापत होतो, आणि शोभेला दोन्ही बाजूंनी कोनी कंस. ब्राउझरला वाटलं, हा एचटीएमएलचा टॅग, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली खूण, वाचकाला दाखवायची नसलेली. ओळखीचा नव्हता, तरी त्यानं निमूट गिळला. अख्ख्या दिवसाचा खराब माल एका कंसात गडप! बक्षीस तोवर देऊन झालं होतं. ते परत मागायचं कुणी, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

मग टक्केवारीची पट्टी. टर्मिनलमध्ये ती जागच्या जागी भरते, कारण प्रत्येक वेळी कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो. टायपिंग क्लासमध्ये आपण खटका मारून गाडा मागे ढकलायचो, तसा. ब्राउझरला मागे फिरणं माहीतच नाही. त्यानं एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के अशी वरातच काढली. शिवाय आकडे वेळेवर येईनात. समोर टर्मिनल नसलं की प्रोग्राम काही हजार अक्षरं साठवतो आणि मग एकदम ओततो. आपल्या सिटी बसचंही तेच. तासभर एक नाही, मग तीन.

शेवटी शहाण्या माणसासारखा एक्सटर्म.जेएस बसवला, ब्राउझरमध्येच टर्मिनल उभं करणारा. पलीकडे प्रोग्रामला खोटं टर्मिनल दाखवायचं, अलीकडे वेबसॉकेट नावाच्या सतत चालू जोडणीवरून ब्राउझरमध्ये चित्र उमटवायचं. म्हणजे १९७८ सालच्या व्हीटी१०० या टर्मिनल-यंत्राची २४ ओळी आणि ८० रकान्यांची नक्कल मामांच्या उभ्या मोबाइलमध्ये कोंबायची. अक्षरं खसखशीएवढी झाली, पण रंग, पट्टी, रिजेक्ट, सगळं जागेवर! मी मामींकडे विजयी नजरेनं पाहिलं.

फक्त एक विसरलो. असलं टर्मिनल नुसतं दाखवत नाही, टाइप केलेलं ऐकतंही. मामांच्या नातवानं मोबाइल घेतला, क्यू दाबला, आणि पिंपळगावात काटा चालू, प्रोग्राम बंद. क्यू दाबला की बंद, हीही सोय माझीच.

आता मुकादम दर अर्ध्या तासानं काळ्या स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. फोटोत त्याच्या पोटाचं प्रतिबिंब पडतं, पण लाल ते लाल दिसतं आणि हिरवं ते हिरवं.