संदर्भाने कळतं

पाचवीत आम्हाला मराठीला एक बाई होत्या. धडा वाचताना कुणी शब्दाचा अर्थ विचारला, की त्या विणकामातून मान वर न काढता म्हणायच्या, "पुढे वाच. संदर्भाने कळतं." आम्ही पुढे वाचायचो. कळायचं नाही, पण तोवर तास संपलेला असायचा. त्या एका वाक्यावर मी पुढची चाळीस वर्षं काढली. घरात शब्दकोश नव्हता असं नाही. होता, पण तो आईच्या शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली होता, आणि तिथून काढला की मशीन डुगडुगायचं.

संदर्भाने मला काय काय कळलं ते सांगतो. पेपरात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर यायचा. कधी ऊसदराचा, कधी एसटी कर्मचाऱ्यांचा, कधी सीमाभागाचा. ऐरणी हे मंत्रालयाच्या आसपासचं, आझाद मैदानासारखं एखादं ठिकाण असणार आणि सगळे प्रश्न शेवटी तिथे येऊन बसत असणार, अशी माझी पक्की समजूत होती. लोहाराची ऐरण आणि ही ऐरण एकच, हे कळायला मला नोकरी लागावी लागली. मग पोलीस आरोपीच्या मुसक्या आवळायचे. मुसक्या म्हणजे दंडातल्या बेटकुळ्या. पोलीस त्या आवळतात, आरोपी कळवळतो आणि गुन्हा कबूल करतो. इतका सुसंगत अर्थ असताना कोशात बघायचं कशाला? खरा अर्थ हात पाठीमागे बांधणं असा निघाला. मला अजूनही माझाच बरा वाटतो.

मंत्रिमंडळाची यादी नेहमी गुलदस्त्यात असायची. गुलदस्ता म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या टेबलाचा कुलपाचा कप्पा, हे तर उघडच होतं. आठवीत हिंदीच्या पेपरात गुलदस्ता म्हणजे पुष्पगुच्छ निघाला आणि एक मार्क गेला. मार्काचं सोडा, पण मंत्र्यांची नावं फुलांत का लपवतात, हा विचार मला बरेच दिवस छळत होता.

चुकीच्या अर्थाची गंमत अशी, की तो पेपर वाचताना कुठेच अडत नाही. ऐरणीवर आलेला प्रश्न आपल्याला सोडवायचा नसतो. आवळायच्या मुसक्या आपल्या नसतात. त्यामुळे माझं वाचन भरभर होत गेलं आणि भरभर वाचतो म्हणून माझं मराठी चांगलं, असा बोभाटा झाला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "पाणि येणार नाहि" असं लिहिलं, की पाणी येणार नाही याचं दुःख बाजूला ठेवून मी आधी दोन्ही वेलांट्या दुरुस्त करतो. लोक दुरुस्तीला अंगठा दाखवतात. तो कौतुकाचा की दुसरा, तेही मी संदर्भानेच ठरवलं आहे.

तर अशा या माणसाला मे महिन्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला.

"आरं, गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढतोय पाइपलाइनला," दादा म्हणाला. "त्या मधल्या तुकड्याला तुझं नाव हाय न्हवं. तिथं एक शेरा आडवा आलाय. तू सातबारा काढ, नीट वाच आन ये."

शेरा हा शब्द मला चांगला ठाऊक होता. प्रगतिपुस्तकात दोन्ही सहामाह्यांना एकच यायचा, "हुशार, पण चंचल". जमिनीच्या बाबतीत मी काय चंचलपणा केला असेल, ते मात्र आठवेना.

आमचं गाव वाई तालुक्यात. आजोबा 1986 साली गेले आणि मृत्युपत्रात एक तुकडा थोरल्या नातवाच्या, म्हणजे माझ्या नावे ठेवून गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. तो तुकडा दादाच करतो, मला दरवर्षी गूळ आणि ज्वारी येते, आणि माझा शेतीशी संबंध ज्वारी निवडण्यापुरता राहिलेला आहे. बाबा म्हणाले, "मला चष्म्यातून दिसत नाही. तूच वाच. तुझं मराठी चांगलं आहे."

ऑनलाइन काढलेला उतारा समोर घेऊन बसलो. एकच पान. लिपी देवनागरी. सातबारा म्हणजे साधारण सात आणि बारा यांची बेरीज-वजाबाकी असणार, इथपासून माझी सुरुवात होती. प्रत्यक्षात गावच्या दप्तराचे नमुने असतात एकवीस. त्यातला सातवा मालकी-हक्कांचा आणि बारावा पिकांचा, आणि हे दोन एका कागदावर येतात म्हणून सातबारा. मधल्या आठ, नऊ, दहा, अकराचं काय झालं, असं मी विचारणार होतो. पण पुढे वाचलं.

पहिलाच शब्द भोगवटादार. भोग भोगणारा, हे संदर्भाने कळलं. खाली माझं नाव होतं, तेही पटलं. त्याला "वर्ग 1" असं लिहिलेलं बघून छाती थोडी फुगली. (वर्ग एकला जमीन विकताना सरकारची परवानगी लागत नाही, वर्ग दोनला लागते. माझ्या मार्कांशी याचा संबंध नाही.) मग क्षेत्र 0.40.00. चाळीस पैसे. आजोबा काटकसरी होते, पण इतके? त्याच्या शेजारी आकार 1.87. आता आकार असतो चौकोनी, त्रिकोणी. 1.87 हा कुठला आकार? मी वहीवर एक पूर्ण सत्याऐंशी शतांश कोपऱ्यांची आकृती काढायचा प्रयत्न करून पाहिला.

"जिरायत म्हणजे?" लेकीने खांद्यावरून वाकून विचारलं.

"जिऱ्याचं पीक," मी म्हणालो. "मसाल्याचे पदार्थ आपल्याकडे पूर्वीपासून."

"आणि पोटखराबा?"

इथे मी जरा थांबलो. जिऱ्यानंतर पोटखराबा, म्हणजे विषय आयुर्वेदाचा चालला होता. त्यापुढे पिकाच्या रकान्यात एका वर्षी "चालू पड" असं लिहिलेलं. कुणीतरी चालता चालता पडलं असावं आणि त्याची नोंद सरकारने घेतली असावी. विहिरीचा उल्लेख बघून काळजी वाटली. पण कळस झाला तो उजवीकडच्या रकान्यात. वर छापलं होतं, "कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार". आमचं कुळ मला माहीत आहे, देवक माहीत आहे, कुलस्वामिनी माहीत आहे. खंड आशिया. दोन्ही रकाने रिकामे ठेवल्याबद्दल मला दादाचा थोडा रागच आला.

बायको इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "शब्दकोशात बघा ना."

आमच्याकडचा कोश मशीनबरोबर मामेबहिणीकडे गेला. म्हणून मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर उघडला. हा मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. म्हणजे शिपाई इंग्रजांवर बंदुका रोखत होते त्या सालात हा गृहस्थ आमच्या शब्दांचे अर्थ छापत होता. माझ्या आजोबांच्या रानातला शब्द मला आधी एका साहेबाकडून इंग्रजीत समजून घ्यावा लागला, मग त्या इंग्रजीचा अर्थ लेकीला विचारावा लागला. लेक इंग्रजी माध्यमात आहे. तिने तो हिंदीत सांगितला.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, परके शब्द काढायला." मी उताऱ्याकडे पाहिलं. जिल्हा, तालुका, तहसील, मयत, हरकत, सगळे अरबी पाहुणे आरामात पाय पसरून बसलेले. आणि मयत हे मी आतापर्यंत नाव समजत होतो! जुन्या हस्तलिखित उताऱ्यात "मयत" लिहून पुढे आजोबांचं नाव होतं आणि त्या सगळ्याला कंस होता. आमच्या घराण्यात मयतराव नावाचे कुणी पूर्वज होऊन गेले, असं मी एकदा एका लग्नात सांगितलेलं आहे. मुलीकडच्यांनी आदराने माना हलवल्या होत्या.

शनिवारी सकाळी एसटीने वाईला आणि तिथून दादाच्या मोटारसायकलवरून गावात. वाटेत दादाला खंडाचं विचारलं.

"कूळ म्हंजे दुसऱ्याची जमीन कसणारा. खंड म्हंजे तो मालकाला वर्षाला देतो ते. आपल्यात कूळ न्हाई, म्हणून मोकळं."

"आणि पोटखराबा?"

"ती वड्याकडची खडकाळ पट्टी. त्यात काय पिकत न्हाई."

"चालू पड?"

"त्या साली पेरलंच न्हवतं." दादाने गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तू पुण्यात नक्की काय करतो?"

तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात मात्र सगळे भाऊसाहेबच म्हणतात. हे भाऊसाहेब तिशीतले, चुणचुणीत, समोर लॅपटॉप. खाली बसलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडी फेरफार, बोजा, पोटहिस्सा, आणेवारी असे शब्द खेळत होते. त्यातल्या एका आजींनी अंगठा उठवून अर्ज दिला आणि वर बजावलं, "भाऊसाहेब, सातला नाव लागलं तरी आठ-अ बगा. मागल्या येळी तितंच घोळ झाला." त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि सबंध खोलीत न कळणारा मी एकटाच. आजींनी मला सरकून जागा दिली. मी आकाराबद्दल हळूच विचारलं.

"शेतसारा की रं. रुपया सत्त्याऐंशी पैसे."

"आणि 0.40.00?"

"हेक्टर, आर." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "चाळीस आर म्हंजे एकर बग जवळजवळ. आर न् गुंठा सारकाच धर. पोरा, तुझी जमीन एकरभर हाय. चाळीस पैसं न्हवं."

पैशांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते संदर्भाने कळलं असावं.

माझा नंबर आला. भाऊसाहेबांनी उतारा पडद्यावर काढला आणि माझ्या नावापुढच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. अ.पा.क. ती अक्षरं मीही घरी पाहिली होती. नापाक शब्द ओळखीचा असल्याने अपाक म्हणजे त्याच भावकीतला असावा, थोडा सौम्य, असं समजून पुढे गेलो होतो.

"हा शेरा कमी करायचाय," भाऊसाहेब म्हणाले.

"याचा अर्थ काय?"

"अ म्हणजे अज्ञान."

खोलीत शांतता पसरली. निदान मला तसं वाटलं.

"अज्ञान, पालनकर्ता तुमचे वडील. नोंद झाली तेव्हा तुम्ही अठराच्या आत होता ना? कायद्यात त्याला अज्ञान म्हणतात. अठरानंतर अर्ज करून शेरा काढून घ्यायचा असतो. तुम्ही घेतला नाही, म्हणून तुम्ही..." त्यांनी कागद पाहिला, "1986 पासून अज्ञानच आहात."

वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड (हा पुस्तकाचा खंड, कुळाचा नव्हे) 1976 सालचा. अख्ख्या जगाचं ज्ञान मराठीत आणणाऱ्या त्याच तालुक्याच्या दप्तरात माझं अज्ञान गट नंबरासकट, वडिलांच्या नावानिशी नोंदलेलं होतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मी वेलांट्या दुरुस्त करत होतो.

"सज्ञान झाल्याचा पुरावा आणलाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी डोक्यावरून हात फिरवला. "भाऊसाहेब, केस बघा की."

"केसांवर चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला लागतो."

सुदैवाने दादाने फोनवरच दाखला आणायला सांगितलं होतं. भाऊसाहेब तो वाचू लागले. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. समाधानकारकवर ते क्षणभर रेंगाळले, पण बोलले काही नाहीत. मग म्हणाले, अर्ज लिहा. मी मनाशी म्हटलं, इथे तरी आपली भाषा कामाला येईल. झोकात लिहिलं, "मी आता अज्ञान राहिलेलो नसल्याने सदर शेरा काढावा, कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही."

भाऊसाहेबांनी लाल पेन काढलं. सबबच्या मागचा-पुढचा मजकूर खोडला आणि तो शब्द उचलून वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवला. "सबब, सदर शेरा कमी होणेस विनंती."

"सबब म्हणजे निमित्त ना?"

"इथं सबब म्हणजे म्हणून." आणि अगदी सहज, वर न बघता, "वाचत जा, संदर्भाने कळतं."

बाहेर येऊन बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरला की संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, आणि पंधरा दिवस हरकतीची मुदत असते. माझं अज्ञान काढण्याला कुणाची हरकत असेल, तर त्याने पुराव्यासह लेखी कळवायचं.

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"कुणीही घेऊ शकतं का हरकत?" तिने विचारलं.