पीव्हीसी पॅनेलने ओल जात नाही, झाकली जाते

‘ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकचं मिश्रण) पॅनेल लावा, ओल कायमची बंद’ हा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं एवढंच खरं, की पीव्हीसी स्वतः पाणी शोषत नाही. भिंतीत येणारं पाणी मात्र येतच राहतं. मागे हवा खेळत नाही, बुरशी धरते, प्लास्टर फुगून सुटतं, साधे स्क्रू गंजतात. लाकडी पट्ट्यांवर पॅनेल ठोकले असतील तर पट्ट्या कुजतात, वाळवीही लागते. स्विचबोर्डजवळ ओल असेल तर शॉकचा धोका, तो सगळ्यात वाईट.

आधी तपासा. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा, 24 तासांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतलीच. मग बाथरूमचे सांधे, पाइप, बाहेरच्या भिंतीच्या भेगा दुरुस्त करा, खराब प्लास्टर काढून नवं करा आणि ते पूर्ण वाळू द्या. पॅनेल त्यानंतर, अ‍ॅल्युमिनियम चॅनेलवर, वर-खाली हवेला फट ठेवून.

पावसाळ्याच्या तोंडावर लोक यावर पैसे घालवतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला, तिथे हा खुलासा टाका.